निकालपत्रातले नाव

मुंबई उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठाच्या निकालपत्रात पहिल्याच पानावर पक्षकाराची ओळख ठरावीक साच्यात येते. संपूर्ण नाव, वय, धंदा, राहणार, तालुका, जिल्हा. जळकोटच्या एखाद्या शेतकऱ्याचे अपील असेल तर त्याच्या नावाखाली धंदा शेती, राहणार जळकोट, तालुका तुळजापूर, जिल्हा उस्मानाबाद, आणि अलीकडच्या निकालांत धाराशिव, असे लिहिलेले असते. समन्स योग्य घरी पोचावे आणि हुकूमनामा भलत्याच माणसाला लागू होऊ नये, एवढ्यासाठी ही पद्धत पडली. त्या ओळीचे काम दाव्यापुरते होते. निकालपत्रे संगणकावर आली, नाव टाकून शोधता येऊ लागली, आणि ती ओळ दाव्याच्या बाहेर पडली. पुण्यातला घरमालक, हैदराबादचा ठेकेदार, मुलीसाठी स्थळ बघणारे सोलापूरचे कुटुंब, यांतले कोणीही आता ते नाव टाकून एका अनोळखी माणसाच्या आयुष्यातले सर्वांत वाईट दिवस वाचू शकते. यातून उभा राहणारा प्रश्न कायद्याचा आहेच, पण मुळात तो धर्मविचाराचा आहे. कृत्याचा निवाडा झाल्यावर ते कृत्य माणसाच्या नावाला किती काळ चिकटून राहावे, आणि ते सोडवण्याचा अधिकार कोणाचा?

कागद पूर्वीही उघडेच होते. तुळजापूरच्या न्यायालयातून निकाली दाव्याची नक्कल हवी असेल तर दाव्याचा क्रमांक आणि वर्ष लिहून अर्ज करायचा, फी भरायची आणि अभिलेख कक्षातून गठ्ठा निघेपर्यंत थांबायचे. त्रयस्थाला नक्कल कशासाठी हवी तेही सांगावे लागे. ज्याला क्रमांक ठाऊक, त्याला त्या दाव्याची काहीतरी माहिती असेच. त्याआधी, १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात असताना, न्यायालयाची भाषा उर्दू होती आणि वरचे न्यायालय हैदराबादला. जळकोटच्या माणसाचा निकाल जळकोटलाच वाचता येत नसे. आणखी मागे मराठेशाहीत निवाड्याचा महजर गोतसभेसमोर होई, त्यावर हजर असलेल्यांची नावे व निशाण्या येत, हरलेला पक्ष हार मान्य करणारे येजितखत लिहून देई, आणि तो कागद जिंकलेल्या घराण्याच्या दप्तरात जाई. तो निवाडाही जाहीरच होता. पण ज्यांच्यासमोर तो झाला त्यांना सगळी हकीकत माहीत होती, आणि ज्यांना हकीकत माहीत नव्हती त्यांच्यापर्यंत तो पोचत नव्हता.

२००७ साली सुरू झालेल्या ई-कोर्ट्स प्रकल्पाने हे चित्र बदलले. आता जिल्हा निवडायचा, न्यायालय निवडायचे, पक्षकाराच्या नावाची किमान तीन अक्षरे आणि वर्ष भरायचे, प्रलंबित की निकाली ते सांगायचे, की यादी समोर येते. २००८ पासून चालू असलेले ‘इंडियन कानून’ हे संकेतस्थळ त्याहून पुढे जाते. तिथे केवळ पक्षकारांची नावे नव्हे, तर निकालपत्राचा सगळा मजकूर शोधता येतो. त्यामुळे साक्षीदार, पंच, मृताची बहीण, सावकाराकडे गहाणखत लिहून देणारा शेजारी, असे ज्यांच्याविरुद्ध कोणतीही तक्रार नव्हती तेही सापडतात. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपले निकाल ई-एससीआर या नावाने सर्वांना विनामूल्य खुले केले. या सगळ्याचे मोल मोठे आहे. निकालांचे महागडे छापील खंड तालुक्याच्या वकिलाला परवडत नसत. आज तुळजापूरचा नवा वकील आणि दिल्लीचा ज्येष्ठ वकील एकच निकाल एकाच वेळी वाचू शकतात. जमीन घेणाऱ्याला त्या गटावर दावा चालू आहे का ते कळते. ही सोय मागे घेण्याचा विचार कोणी करू नये. प्रश्न त्यातल्या एकाच दाराचा आहे, नावाच्या दाराचा.

निकाल उघडे का ठेवायचे, याचा महाराष्ट्रातला सर्वांत महत्त्वाचा ऊहापोह १९६६ सालचा आहे. ‘ब्लिट्झ’ या साप्ताहिकाविरुद्धचा अब्रूनुकसानीचा दावा मुंबई उच्च न्यायालयात न्या. वि. म. तारकुंडे यांच्यासमोर चालू होता. एका साक्षीदाराने सांगितले की त्याची आधीची साक्ष छापून आल्यामुळे त्याच्या धंद्याचे नुकसान झाले, तेव्हा पुढची साक्ष वर्तमानपत्रांत येऊ नये. न्यायमूर्तींनी तसा तोंडी आदेश दिला. त्याविरुद्ध पत्रकार नरेश श्रीधर मिरजकर आणि इतर सर्वोच्च न्यायालयात गेले. नऊ न्यायमूर्तींच्या पीठात बहुमताचा निकाल सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी लिहिला. न्यायदान उघड्यावर झाले पाहिजे, कारण लोकांची नजर असली तरच न्यायाधीश सावध राहतो आणि लोकांचा विश्वास टिकतो, पण न्यायासाठीच आवश्यक असेल तिथे प्रसिद्धी रोखण्याचा अंगभूत अधिकार न्यायालयाला आहे, असे त्याचे सार. न्या. हिदायतुल्ला यांनी भिन्नमत नोंदवले. त्या साक्षीदाराची तक्रार आज हजारो लोकांची आहे. मात्र त्याचे नुकसान एका आठवड्याच्या अंकाने केले होते, आणि तो अंक दुसऱ्या आठवड्यात रद्दीत जात होता.

गजेंद्रगडकरांच्या निकालातला उघडेपणा न्यायाधीशाकडे बघणारा आहे. खटला चालवताना न्यायाधीश स्वतःही लोकांसमोर परीक्षेला बसलेला असतो, हा इंग्रज विचारवंत जेरेमी बेंथमचा जुना मुद्दा त्याच्या मुळाशी आहे. नावाने शोधणाऱ्याची नजर न्यायाधीशावर नसते. त्याला निकाल बरोबर होता का, पुरावा नीट तोलला गेला का, यात रस नसतो. त्याला माणूस हवा असतो. न्यायाधीशावर पहारा ठेवण्यासाठी उघडलेल्या दारातून आत येऊन तो पक्षकाराला गाठतो.

याहून खोल उलथापालथ निवाड्याच्या स्वरूपात होते. न्यायालय कृत्यावर बोलते: अमुक दिवशी, अमुक ठिकाणी, या माणसाने हे केले की नाही, आणि केले असेल तर कायद्याने त्याचे माप काय. हा माणूस कसा आहे, हे सांगण्याचा अधिकार न्यायालयाने कधी घेतलेला नाही. शिक्षेचे माप ठरवताना चारित्र्याचा विचार होतो, तोही त्या कृत्यापुरता. नावाने केलेला शोध उलट दिशेने येतो. तो माणसापासून सुरू होतो आणि सापडलेले कृत्य त्या माणसाचे उत्तर म्हणून समोर ठेवतो. त्यात सर्वांत जास्त भरडला जातो तो निर्दोष सुटलेला. फौजदारी निकालपत्रात आधी फिर्यादी पक्षाची हकीकत सविस्तर येते, मग साक्षी, मग उलटतपासणी, आणि मुक्ततेचा आदेश अगदी शेवटी. घाईत वाचणारा पहिल्या पानावर थांबतो. जामिनाच्या आदेशात तर आरोप फक्त सकृद्दर्शनी असतात, खटला अजून उभाही राहिलेला नसतो, तरी नाव तिथेही असते. घटस्फोटाच्या अपिलात बाईवर घेतलेला संशय पुराव्याअभावी फेटाळला गेला, तरी तो शब्दन्‌शब्द छापून राहतो.

शिवाय नाव म्हणजे माणूस नव्हे. महाराष्ट्रात स्वतःचे, वडिलांचे किंवा नवऱ्याचे आणि आडनाव असे तिपेडी नाव असते, आणि मराठवाड्यात काही नावे व आडनावे इतकी वारंवार येतात की एका तालुक्यात तिन्ही भाग जुळणारी अनेक माणसे निघावीत. उच्च न्यायालयाचे निकाल इंग्रजीत असल्याने एकच मराठी नाव तीन-चार वर्णांतरांनी लिहिले जाते आणि दोन वेगळी नावे एकसारखी दिसतात. बाईचे नाव लग्नाने बदलते, म्हणून माहेरच्या वाटणीच्या दाव्यात ती एका नावाने आणि पोटगीच्या अर्जात दुसऱ्या नावाने असते. गावाच्या नावाने तरी खात्री पटावी, तर लातूर जिल्ह्यातही जळकोट आहे आणि ते तालुक्याचे ठिकाण आहे. आणि नावातून जे हमखास कळते ते म्हणजे जात. शोधणारा माणूस चुकीचा असू शकतो, पण त्याला जात मात्र बरोबर सापडते.

भारतीय दर्शनांनी कर्मसिद्धांत मांडताना दोन दोष टाळण्याची अट घातली आहे. एक कृतहानी, म्हणजे केलेल्याचे फळ न मिळताच ते वाया जाणे. दुसरा अकृताभ्यागम, म्हणजे न केलेल्याचे फळ पदरी पडणे. ज्या व्यवस्थेत हे दोष येतात तिला न्याय्य म्हणता येत नाही, आणि आत्म्याचे सातत्य व पुनर्जन्म सिद्ध करताना नैयायिकांनी याच युक्तिवादाचा आधार घेतला. पुनर्जन्म मानो वा न मानो, ही कसोटी कोणत्याही हिशेबाला लावता येते. नावाच्या शोधाला ती लावली तर दोन्ही दोष एकदम दिसतात. समान नावाच्या भलत्याच माणसाला नोकरी नाकारली जाते तेव्हा अकृताभ्यागम घडतो. ज्याने शिक्षा भोगली, दंड भरला, वीस वर्षे सरळ वागून संसार उभा केला, त्याचे ते सगळे करणे एका क्षणात नसल्यासारखे होते, तेव्हा कृतहानी घडते. हे दुसरे नुकसान सहसा कोणी मोजत नाही. वाईट कृत्याची नोंद राहते. त्यानंतर केलेल्या भरपाईची नोंद कोणत्याच न्यायालयात नसते, म्हणून ती सापडतही नाही.

कर्माचा हिशेब कठोर आहे, पण त्याला शेवट आहे. प्रारब्ध भोगून संपते, ही वेदान्ताची शिकवण गावच्या कीर्तनातही ऐकू येते. जैन विचारात बांधलेल्या कर्माची निर्जरा, म्हणजे झीज, होते. चित्रगुप्ताच्या वहीत काहीही सुटत नाही असे मानणाऱ्यांनीही त्या वहीतले खाते फळ मिळाल्यावर मिटते असेच मानले. न्यायालयाच्या शिक्षेलाही असेच माप असते: तीन वर्षे सक्तमजुरी, पाच हजार दंड, दंड न भरल्यास आणखी तीन महिने. त्या मापात आयुष्यभर नावाने ओळखले जाण्याची शिक्षा कोणत्याही न्यायाधीशाने लिहिलेली नसते. जी शिक्षा कोणी दिली नाही आणि जिच्यावर अपील करता येत नाही, तीच सर्वांत लांब चालते.

धर्मशास्त्रांत या प्रश्नाचा विचार प्रायश्चित्ताच्या अंगाने झाला. मुंबई उच्च न्यायालयात वकिली करत ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ लिहिणाऱ्या भारतरत्न पां. वा. काणे यांनी पातके आणि प्रायश्चित्ते यांची विस्तृत मांडणी केली आहे. पतिताला जातीबाहेर काढण्याचा विधी मृतासारखा होता. नातेवाइकांसमोर दासी त्याच्या नावाने पाण्याने भरलेला घट लाथेने उलथवी आणि त्याच्याशी बोलणे, बसणे, वारसा, सगळे थांबे. पण परत घेण्याचाही विधी होता. प्रायश्चित्त पूर्ण झाल्यावर तेच नातेवाईक त्याच्याबरोबर पवित्र जलाशयात स्नान करीत आणि नवा घट पाण्यात सोडीत. त्यानंतर त्याला पूर्वीच्या पातकाबद्दल हिणवू नये, असा स्पष्ट नियम मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात आहे. राजाने दंड केलेला माणूस निर्मळ होतो, असेही आठव्या अध्यायात म्हटले आहे.

याच ग्रंथात महापातक्याच्या कपाळावर डाग देण्याची शिक्षा आहे, आणि वर्णानुसार दंड बदलणारी विषमताही. तिचे समर्थन करता येत नाही. तरीही त्या परंपरेने पापाचा उच्चार आणि पापाचा शेवट या दोन गोष्टी वेगळ्या ओळखल्या होत्या, हे लक्षात घेण्यासारखे आहे. याज्ञवल्क्य स्मृतीत उघड झालेल्या दोषासाठी विद्वानांच्या पर्षदेसमोर, तिच्या अनुमतीने प्रायश्चित्त सांगितले आहे, आणि उघड न झालेल्या दोषासाठी गुप्त व्रत. म्हणजे उघड दोष लपवावा असे ती म्हणत नाही. तो सर्वांसमोर मांडावा, त्याचे माप ठरावे, ते पूर्ण करावे आणि मग सर्वांनी तोंड बंद ठेवावे. १६७६ मध्ये नेताजी पालकरांना शिवाजी महाराजांनी शुद्ध करून परत घेतले, तेव्हा मोगलांकडची त्यांची वर्षे कोणाच्या स्मरणातून गेली नव्हती. ती माहीत असूनच त्यांना जागा दिली गेली.

इतर धर्मांतही हीच खूण वेगवेगळ्या रूपांत आढळते. ज्यू धर्मशास्त्रात पश्चात्ताप केलेल्या माणसाला त्याच्या पूर्वीच्या कृत्यांची आठवण करून देणे निषिद्ध आहे आणि ते शब्दांनी केलेल्या छळात गणले जाते. इस्लाममध्ये दुसऱ्याच्या दोषावर पांघरूण घालणे पुण्याचे मानतात. बौद्ध परंपरेतली अंगुलिमालाची कथा मात्र अधिक अवघड आहे, म्हणून अधिक उपयोगी. बुद्धांनी त्या लुटारूला भिक्खू केले आणि कोसलच्या पसेनदी राजाने त्याला वंदन केले. पण भिक्षेला गेला की लोक त्याला दगड मारत. बुद्धांनी लोकांना दोष दिला नाही. हे सहन कर, असे त्यांनी अंगुलिमालालाच सांगितले. पुढे लोक घाबरतात अशी तक्रार आल्यावर कुख्यात चोराला दीक्षा देऊ नये असा विनयाचा नियम झाला. एका माणसाचा उद्धार खरा होता आणि इतरांची भीतीही खरी होती. त्या परंपरेने दोन्ही मान्य केल्या.

क्षमा आणि विस्मरण यांची सरमिसळ झाली की हा विषय भरकटतो. क्षमा करणाऱ्याला अपराध माहीत असावाच लागतो. माहीतच नसेल तर क्षमेला अर्थ नाही. औंध संस्थानच्या काळात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही खुली वसाहत उभी राहिली. तिथे शिक्षा झालेल्या कैद्यांना भिंतीशिवाय शेती करायला दिली. व्ही. शांताराम यांच्या १९५७ च्या ‘दो आँखें बारह हाथ’ला त्याच प्रयोगाचा आधार आहे. तिथे प्रत्येकाचा गुन्हा ठाऊक होता आणि विश्वासही त्याच माणसावर टाकला होता. नावाने शोधणाऱ्याला असे काहीच द्यायचे नसते. त्याला अपराध कळतो, पण तो त्या माणसाशी कोणत्याही नात्याने बांधलेला नसतो, म्हणून तो क्षमाही करू शकत नाही आणि भरपाईही स्वीकारू शकत नाही. क्षमा करण्याचा अधिकार ज्याचा अपराध झाला त्याचा आहे. सर्च इंजिनने नाव काढून टाकले म्हणजे कोणी क्षमा केली असे होत नाही. तेवढ्याने त्या माणसाला पुन्हा लोकांत मिसळायला वाट मिळते.

गावाची जुनी आठवण दयाळू होती, असेही समजू नये. गाव काहीच विसरत नसे. जातपंचायतीने वाळीत टाकलेल्या घराला पाणी आणि विस्तव मिळत नसे, आणि हे थांबवण्यासाठी महाराष्ट्राला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. नावाची नोंद माणसाला कुठवर नेते याचा याहून कडवा अनुभव भटक्या-विमुक्तांनी घेतला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने, आणि निजामाच्या राज्यातल्या तशाच कायद्याने, कृत्य न पाहता जन्मावरून नावे नोंदवली आणि हजेरी लावली. कायदा १९५२ मध्ये गेला, संशय गेला नाही. धाराशिव, लातूर, सोलापूर पट्ट्यात चोरी झाली की पारध्यांच्या पालावर आधी पोलीस जातात, हा अनुभव आजही सांगितला जातो. अशा माणसाच्या नावावर मुक्ततेचे निकालच अधिक जमतात, आणि शोधणाऱ्याला निकालांची संख्या दिसते, मुक्तता दिसत नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगाच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितले. निकालपत्रातले आडनाव तोच रकाना नकळत भरून ठेवते.

गावातून सुटण्याची एक वाट नेहमी होती: गाव सोडणे. जळकोटवरून जाणारा सोलापूर–हैदराबाद रस्ता ती वाट होता. मराठवाड्यातून पुण्याच्या भोसरी-चाकणला गेलेल्या अनेकांनी दुष्काळ मागे टाकला, तशी काहींनी एखादी मारामारी, एखादे मोडलेले लग्न, एखादे थकलेले कर्जही मागे टाकले. शहराची अनोळखी गर्दी हीच त्यांची दुसरी संधी होती. नावाने चालणाऱ्या शोधाने शहराला गावाची स्मरणशक्ती दिली, पण गावाची माहिती दिली नाही. गावात निदान एखादी म्हातारी सांगू शकत असे की भांडण बांधावरून झाले, पहिला फटका दुसऱ्याने मारला, आणि नंतर दोघे एकाच पंगतीला बसले.

तरीही नावे पुसावीत असा निष्कर्ष यातून निघत नाही. महाडच्या चवदार तळ्याच्या दाव्याचा मुंबई उच्च न्यायालयाचा १७ मार्च १९३७ चा निकाल प्रतिवादी भीमराव रामजी आंबेडकर यांच्या नावाने सापडतो, आणि तो तसाच सापडला पाहिजे. त्या नावाशिवाय त्या दाव्याचा अर्थ अर्धा उरतो. १९०८ मध्ये बाळ गंगाधर टिळकांना राजद्रोहाबद्दल सहा वर्षांची शिक्षा झाली. त्याच उच्च न्यायालयात १९५६ मध्ये मुख्य न्यायमूर्ती म. क. छागला यांनी टिळकांच्या शब्दांची शिला बसवली. शिक्षेची नोंद पुसली असती तर तिच्यावरचा पुढचा निवाडाही झाला नसता. ज्या घरात मुलगी द्यायची तिथे आधीच्या सुनेच्या छळाचा खटला झाला होता का, हे जाणून घेण्याचा मुलीच्या बापाचा हक्क साधा नाही. दलितांवरील अत्याचारात शिक्षा झालेल्यांची नावे लपली तर फायदा गावातल्या बलवंतांचा होतो. निवडणुकीच्या उमेदवाराला आपल्यावरील खटले शपथपत्रात सांगावे लागतात. ज्याने सार्वजनिक अधिकार मागितला त्याने आपल्या नावाची सावली मागू नये, हे योग्यच आहे.

कोणाचे नाव झाकावे, याचे पहिले उत्तर देशाला महाराष्ट्रातूनच मिळाले, आणि फार महागात मिळाले. १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. नागपूर खंडपीठाने दिलेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये रद्द केली. त्या निकालाविरुद्ध उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर यांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर आंदोलन झाले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पीडितेचे नाव छापणे गुन्हा ठरवणारे कलम २२८-अ त्याच बदलातले. ज्या मुलीमुळे हे संरक्षण आले तिचे नाव मात्र आजही सर्वत्र आहे. आणि त्या कलमातच एक अपवाद होता, जो २०२३ च्या भारतीय न्याय संहितेतही कायम आहे: उच्च न्यायालयाचे व सर्वोच्च न्यायालयाचे निकालपत्र छापणे हा गुन्हा नाही. वर्तमानपत्राचे तोंड बंद झाले, निकालपत्राचे उघडे राहिले. पुढे सर्वोच्च न्यायालयानेच न्यायाधीशांनी नाव न लिहिता ‘पीडिता’ असे लिहावे असे सांगितले, आणि २०१८ च्या निपुण सक्सेना प्रकरणात ते बंधन आणखी पक्के केले.

इतरांबाबत न्यायालयांचे एकमत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९४ च्या राजगोपाल निकालाप्रमाणे गोष्ट न्यायालयीन नोंदीत आली की खासगीपणाचा दावा सहसा टिकत नाही. २०१७ मध्ये पुट्टस्वामी निकालाने खासगीपणाला मूलभूत हक्क ठरवले, आणि न्या. संजय किशन कौल यांनी विसरले जाण्याच्या हक्काचा विचार मर्यादांसह मांडला. त्याच वर्षी गुजरात उच्च न्यायालयाने निर्दोष सुटलेल्या माणसाची निकाल हटवण्याची मागणी नाकारली. २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अमली पदार्थांच्या खटल्यातून सुटलेल्या एका अमेरिकी नागरिकाचा निकाल सर्च इंजिनपासून दूर ठेवायला सांगितले. मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये अशीच मागणी नाकारली, २०२४ मध्ये द्विसदस्यीय पीठाने ती मान्य केली, आणि जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. केरळ उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये कौटुंबिक वादात पक्षकाराच्या विनंतीवरून ओळख झाकण्याची मुभा दिली, चालू फौजदारी खटल्यात नाही. मुंबईत न्या. गौतम पटेल यांनी सप्टेंबर २०२१ मध्ये कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या प्रकरणांत पक्षकारांना केवळ अक्षरांनी ओळखण्याचे नियम घातले. अल्पवयीनांबाबत संसदेने मन पक्के केले आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात दोषी ठरल्याची नोंद ठरावीक काळाने नष्ट करण्याची तरतूद आहे, सोळा वर्षांवरील मुलांचे काही निर्घृण गुन्हे वगळून. प्रौढांसाठी असा सर्वसाधारण कायदा भारतात नाही. ब्रिटनमध्ये तो १९७४ पासून आहे, आणि त्यात विशिष्ट मुदतीनंतर बहुतेक शिक्षा संपल्या असे मानले जाते.

हटवा की ठेवा, असा प्रश्न टाकल्यामुळेच ही ओढाताण होते. निकाल जपणे वेगळे आणि नावाच्या हाकेला तो कुणापुढेही हजर करणे वेगळे. जर्मनीत निकाल प्रसिद्ध होतात, पण खासगी माणसांची नावे काढून. युरोपीय संघाच्या न्यायालयाने १ जुलै २०१८ पासून देशोदेशींच्या न्यायालयांकडून विचारणेसाठी आलेल्या प्रकरणांत तीच रीत धरली. कॅनडात निकालांचे विनामूल्य संकेतस्थळ नावांसह चालते, मात्र बाहेरच्या सर्च इंजिनना त्यात शिरू देत नाही. ज्याला निकाल हवा तो तिथे जाऊन शोधतो. ज्याला फक्त माणूस हवा त्याच्या हाती तो आपोआप येत नाही. महाराष्ट्राला हा शेवटचा मार्ग सर्वांत मानवणारा आहे. त्यात वकील, अभ्यासक, पत्रकार, जमीन घेणारा यांचे काहीच अडत नाही. त्याला दोन गोष्टींची जोड हवी. निर्दोष सुटलेल्याच्या निकालपत्रावर मुक्ततेची नोंद पहिल्याच ओळीत यावी. आणि शिक्षा भोगून झाल्यावर, गुन्ह्याच्या गांभीर्यानुसार ठरलेल्या काळानंतर, नावाची सूची त्या निकालासाठी बंद व्हावी. निकाल क्रमांकाने, कलमाने, विषयाने सापडत राहील.

नावाची सूची बंद करण्याच्या या सूचनेतून न्यायाधीशांची नावे मात्र वगळावी लागतील. फ्रान्सने २०१९ च्या कायद्याने न्यायाधीशांच्या नावांच्या आधारे त्यांच्या निकालांचे विश्लेषण आणि तुलना करणे गुन्हा ठरवले आणि पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली. ते उघडेपणाच्या मुळावर येणारे आहे. निकालाचे दार ज्याच्यावर नजर ठेवण्यासाठी उघडले, त्यालाच त्यात झाकले गेले. तुळजापूरपासून दिल्लीपर्यंत प्रत्येक निकालावर तो देणाऱ्याचे नाव राहावे, ते शोधता यावे, त्याच्या निकालांची एकमेकांशी तुलना करता यावी. तपास अधिकारी, सरकारी वकील, फेरफार मंजूर करणारा मंडळ अधिकारी यांनाही हेच लागू आहे. न्यायालयासमोर ते स्वतःच्या आयुष्यातले काही घेऊन उभे नसतात. लोकांनी दिलेल्या अधिकाराचा वापर त्यांनी कसा केला, एवढेच त्यांच्या नावापुढे लिहिलेले असते.